एकट्याने होत नाही

सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात औंध आहे. यमाईचा डोंगर आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी हौसेने जमवलेले संग्रहालय पाहायला लोक तिथे जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संस्थानाचे कारभारी होते जेकब बापूजी इस्रायल. ते मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल. संस्थान लहान आणि विखुरलेले होते. औंध साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात. सारा, वतने, दुष्काळ, दरबार हे सगळे कारभाऱ्याला पाहावे लागे. पण एक गोष्ट औंधात राहून त्यांना करता येण्यासारखी नव्हती, ती म्हणजे सामुदायिक प्रार्थना.

ज्यू माणूस एकटा प्रार्थना करू शकतो. पण तोराची पोथी काढून वाचायची असेल, मेलेल्या आई-बापासाठी कद्दिश म्हणायचा असेल, तर परंपरेने दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. तेरा वर्षांचा मुलगाही त्यात धरला जातो. या दहांच्या मेळाला मिन्यान म्हणतात. नऊ विद्वान आले तरी काम अडते, आणि दहावा अडाणी हमाल दारात आला की सुरू होते. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, कधी उभे राहिले नाही. कृष्णा-येरळेच्या काठी नोकरीनिमित्त आलेल्या ज्यू कुटुंबाला जमात गाठायची तर पुणे किंवा मुंबई.

महाराष्ट्रातल्या ज्यूंमधल्या परस्पर मदतीची गोष्ट सांगायची तर ती या अडचणीपासून सांगावी लागते. इथे मदत ही दानशूरांची मर्जी नव्हती. दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिल्याशिवाय स्वतःचा धर्मच पुरा होत नाही, अशी ती व्यवस्था होती.

बेने इस्रायल मूळचे कोकणातले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावला त्या बुडालेल्यांची दफनभूमी दाखवतात. कोकणात ते घाण्यावर तेल काढू लागले. शनिवारी शब्बाथ, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावकऱ्यांनी नाव दिले ‘शनिवार तेली’. गावावरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, केहिमकर. एका गावात दोन घरे, पुढच्या गावात चार. सुंता, लग्न, मयत यांसाठी जाणता माणूस प्रत्येक गावात कुठून आणायचा? त्यासाठी काही घराण्यांकडे काजीपण चालत आले. काजी गावोगाव फिरत आणि विधी लावून देत. त्या काळी सिनेगॉग नव्हते, पोथ्या नव्हत्या, हिब्रूचे ज्ञान जवळपास पुसले गेले होते. शमाची प्रार्थना, शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि सण एवढे राहिले होते. ते टिकले याचे बरेचसे श्रेय या फिरत्या माणसांना आणि त्यांना घरात उतरवून घेणाऱ्या कुटुंबांना द्यायला हवे.

गावात थोडी घरे झाली की मराठी गावगाड्यासारखीच रचना उभी राही. जमातीचा प्रमुख मुकादम, त्याच्या हाताशी चौगुले, पैसा सांभाळणारा गबाई. पुढे सिनेगॉगे झाली तेव्हा प्रार्थना चालवणारा हजान आणि देखभाल करणारा शमाश हे दोघे आले. भांडण मुकादमापुढे यायचे, दंडही तिथेच ठरायचा. लग्न-सुंतेच्या वेळी दिलेली रक्कम, नवसाचे पैसे, तोराची पेटी उघडण्याचा किंवा पोथी वाहून नेण्याचा मान घेणाऱ्याने बोललेली रक्कम, हे सारे गबाईकडे जमा होई. दिवाबत्ती, डागडुजी आणि अडलेल्या घराची नड, सगळे याच पेटीतून.

सणांच्या जुन्या मराठी नावांतही ही वृत्ती दिसते. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, बेने इस्रायल ‘दारफळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून, उपाशीपोटी घरात राहायचे, कुणाशी संपर्क ठेवायचा नाही. आणि लगेच दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दान द्यायचे, नातेवाइकांकडे आणि ओळखीच्यांकडे जायचे. देवापुढे क्षमा मागून झाली की माणसांकडे जायचे, असा तो क्रम. हायेम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या समाजाच्या इतिहासात या सणांची नोंद आहे. ते पुस्तक छापून आले १९३७ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी.

मग मलिदा. बेने इस्रायलांचा हा खास विधी जगातल्या दुसऱ्या ज्यू समाजांत सापडत नाही. पोहे धुऊन निथळून घ्यायचे. त्यात खवलेला ओला नारळ, साखर, वेलची, काजू-बदामाचे काप. परातीत पोह्यांचा ढीग, भोवती केळी, खजूर, सफरचंद अशी फळे आणि एखादे सुवासिक फूल किंवा पाला. एलियाहू हानबीचे, म्हणजे प्रेषित एलियाहूचे, नाव घेऊन हिब्रू गीत म्हणायचे. झाडाचे फळ वेगळे, जमिनीतून आलेले वेगळे, सुगंध वेगळा. प्रत्येकाचा आशीर्वाद म्हणायचा आणि परात सगळ्यांत वाटायची. आजारातून उठलेला माणूस मलिदा करतो, नव्या घरात जाणारा करतो, लग्नाच्या आधी करतात, परदेशी निघताना करतात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर एलियाहूच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे, तिथेही नवस फेडायला माणसे जातात. मलिदा एकट्या घराचा नसतो. संकट टळले ते कुणाचे, हे जमातीला कळते. आणि ज्याचे संकट अजून उभे आहे त्याची विचारपूस त्याच परातीभोवती होते.

शब्बाथच्या किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइन लागते. कोकणात ती मिळत नसे, म्हणून काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करण्याची रीत पडली आणि आजही घराघरात आहे. तासगाव-सांगलीच्या सौद्यांत बेदाण्याच्या पेट्या रचलेल्या पाहणाऱ्या वाचकाला हे सरबत परके वाटू नये.

मयताच्या वेळी मात्र जमातीची खरी कसोटी लागते. ज्यू रीतीने दफन शक्यतो त्याच दिवशी करायचे. पुरुषाला पुरुष आंघोळ घालतात, बाईला बायका. साधे पांढरे कफन, श्रीमंतालाही तेच. दफनावरून परतल्यावर शोकातल्या घराने पहिले जेवण आपल्या चुलीवरचे खायचे नाही, ते शेजाऱ्याने आणायचे. पुढचे सात दिवस घरातली माणसे खाली बसतात, आणि कद्दिशासाठी दहा पुरुष त्या घरी यावे लागतात. म्हणजे ज्या आठवड्यात माणसाला कुणाचे तोंड पाहू नये असे वाटते, नेमक्या त्याच आठवड्यात त्याचे घर माणसांनी भरलेले असते. दूरच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाला सर्वांत मोठी भीती असेल तर ती हीच: मयत झाली तर दहा माणसे कुठून आणायची?

मुंबईतले पहिले सिनेगॉगही अशाच एका दूर अडकलेल्या माणसाने बांधले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, मराठी नाव सामाजी हसाजी, टिपूच्या कैदेत सापडले. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये ‘शाअर हारहामीम’ म्हणजे दयेचे द्वार उभे केले. मशीद बंदरजवळची सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाची. त्यानंतर कोकणात आणि मुंबईच्या आसपास एकामागून एक सिनेगॉगे झाली. १८४८ मध्ये अलिबागचे, १८४९ मध्ये पनवेलचे, १८६३ मध्ये पेणचे, १८७९ मध्ये ठाण्याचे.

शाळेची गोष्ट त्याहून महत्त्वाची मानावी लागेल. केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा काढली. समाज नोकरदार आणि मध्यमवर्गीय. पैसा थोडा. सभासदांच्या वर्गण्या आणि लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत यांवर शाळा चालली. मुलगा मराठी शिकणार, इंग्रजी शिकणार आणि हिब्रूही. हीच शाळा पुढे सर एली कदूरी स्कूल म्हणून माझगावात नावारूपाला आली. १९१३ मध्ये मुंबईच्या बेने इस्रायल बायकांनी स्त्री मंडळ काढले. जेरुशा झिराड त्याच समाजातल्या. कामा हॉस्पिटलच्या या नामवंत डॉक्टर १९२५ मध्ये सुरू झालेल्या उदारमतवादी ज्यू प्रार्थनामंडळाच्याही आधारस्तंभ होत्या. त्यांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली.

औंधचे जेकब बापूजी या सगळ्यापासून लांब राहिले नाहीत. १९१७ च्या सुमारास समाजात परिषदा भरू लागल्या. शिक्षण, गरीब घरांची स्थिती, राजकारणात आपली जागा कोणती, असे प्रश्न होते. अखिल भारतीय इस्रायलाइट लीग उभी करण्यात जेकब बापूजींचा आणि बॅरिस्टर डेव्हिड एरुलकरांचा पुढाकार होता. लोकमान्य टिळकांवरच्या १९१६ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत एरुलकर होते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. जेकब बापूजींचे पुत्र बेंजामिन जे. इस्रायल यांनी पुढे समाजाच्या इतिहासावर फार मोलाचे लेखन केले आणि वडिलांचे छोटेखानी चरित्रही लिहिले.

पण या समाजाने आपल्याच माणसांना दूरही ठेवले, आणि ते झाकून ठेवणे बरोबर नाही. बेने इस्रायलांत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. मिश्र लग्नांतून आलेल्यांना काळे ठरवून त्यांच्याशी सोयरीक टाळत. बगदादहून आलेले श्रीमंत ज्यू आणि बेने इस्रायल यांच्यात तर भिंतच होती. मुंबईच्या सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत घालावी अशी मागणी बगदादींनी १८३६ मध्ये केली होती. पुण्यातले लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड, बगदादी ज्यू डेव्हिड ससूनच्या पैशातून १८६७ मध्ये झाले. तरी बेने इस्रायलांना रास्ता पेठेत १९२१ मध्ये आपले ‘सुक्कथ शेलोमो’ वेगळे बांधावे लागले. रंगूनमध्ये तर सिनेगॉगमधल्या हक्कांवरून प्रकरण कोर्टात गेले आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. दहा माणसे मोजताना समोरच्याला माणूस म्हणून मोजायचे की नाही, एवढा साधा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळवायला न्यायाधीश लागला, याची खंत आजही वाटायला हवी.

साताऱ्याचे नाव ज्यू इतिहासात पुन्हा आले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही तुरुंगासारख्या जागेमुळे. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी-ऑस्ट्रियातून पळालेले काही ज्यू मुंबईत उतरले. त्यांच्यासाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन निघाली. आलेला माणूस सरकारवर भार होणार नाही, अशी हमी संस्था देई, काम शोधून देई, अडल्यास कर्ज देई. ३ सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटले आणि इंग्रज सरकारच्या कागदावर हे सारे ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ झाले. ज्या राजवटीने घरदार हिसकावले तिचेच नागरिक म्हणून डॉक्टर, इंजिनियर, व्यापारी पकडले गेले. चौकशीनंतर बहुतेक ज्यू सुटले. पण १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर सरकार पुन्हा कडक झाले आणि कित्येकांना परत स्थानबद्ध केले गेले.

सरकारने पुरंदर किल्ल्यावर आणि साताऱ्यात पॅरोल कॅम्प उघडले होते. जर्मन मिशनरी कुटुंबे आणि नाझींपासून जीव वाचवून आलेले ज्यू एकाच आवारात आले. पॅरोल म्हणजे ठरलेल्या हद्दीत फिरायला मोकळीक, पण हद्द ओलांडायची नाही आणि हजेरी चुकवायची नाही. युरोपात मागे राहिलेल्या आई-बापांचे काय झाले याचा पत्ता नाही, आणि इथे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वर्षे जात आहेत. या माणसांसाठी अर्ज करणारी, अमुक माणूस नाझी नाही, ज्यू निर्वासित आहे, हे सरकारला पुनःपुन्हा पटवून देणारी संस्था म्हणजे हीच मुंबईची असोसिएशन. मराठी बोलणारा बेने इस्रायल आणि जर्मन बोलणारा व्हिएन्नाचा डॉक्टर यांच्यात धर्माखेरीज काही समान नव्हते. तेवढ्या धाग्यावर हमीपत्रे लिहिली गेली. सातारकरांनी आपल्या गावाच्या इतिहासात या कॅम्पसाठी दोन पाने ठेवायला हवीत.

आणि त्याच वर्षांत औंध संस्थानात दुसरा एक ज्यू वावरत होता. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधला इंजिनियर, जन्माने ज्यू. तो म्हैसूर सरकारच्या कारखान्यात कामाला आला आणि गांधीजींच्या विचारांकडे ओढला गेला. भवानरावांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. त्यानंतर जानेवारी १९३९ मध्ये जी स्वराज्य-घटना आली, तिच्यामागे राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि गांधीजी यांच्यासोबत फ्रीडमनचाही हात होता. आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली तीही त्याच्याच कल्पनेतून. भिंत नाही, बेड्या नाहीत. शिक्षा भोगणारा माणूस बायकामुलांसह राहतो आणि शेती करतो. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट या प्रयोगावर बेतला. कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच आटपाडी तालुक्यातले, आणि औंध संस्थानातच शिकलेले. फ्रीडमनने ज्यू जमातीशी नाते ठेवले नव्हते. पण पुढे आयुष्यभर तो निर्वासितांसाठी झिजला, आधी पोलिश आणि नंतर तिबेटी. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणणाराही तोच.

स्वातंत्र्यानंतर समाज इस्रायलकडे निघाला. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांहून अधिक ज्यू होते. २०११ मध्ये उरले सुमारे साडेचार हजार, महाराष्ट्रात अडीच हजारांच्या आत. तिकडे गेलेल्यांना सुख सहज मिळाले नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या प्रमुख धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांची वंशावळ तपासावी असा फतवा काढला. हा अपमान होता आणि समाजाने तो गिळला नाही. पेण-रोह्याकडची माणसे, मुलाबाळांसह, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचे मान्य केले. एकमेकांच्या मयतीला धावून जाणाऱ्या लोकांनी ही लढाई जिंकली. आज बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथे त्यांची वस्ती आहे, आणि ‘मायबोली’ नावाचे त्यांचे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकापासून तिथून निघत आले आहे.

इकडे राहिलेल्यांत ठाण्याची जमात सर्वांत गजबजलेली. कोकणातल्या सिनेगॉगांत मोठ्या सणाला मुंबई-ठाण्याची माणसे जातात, तेव्हा कुठे तिथे दहा पुरे होतात. कित्येक ठिकाणी वर्षभर किल्ली सांभाळणारा, अंगण झाडणारा माणूस हिंदू किंवा मुसलमान आहे. एकट्या राहिलेल्या वृद्धांचे औषधपाणी आणि महिन्याची मदत यांत जॉइंट ही आंतरराष्ट्रीय ज्यू संस्था हातभार लावते. मुलांच्या व्यवसायशिक्षणाचे काम ओआरटी या ज्यू संस्थेने १९६० च्या दशकापासून केले. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे जन्म-विवाहाची नोंद आणि शिक्षणसंस्था चालवणे थोडे सोपे झाले. हे सगळे उपयोगी आहेच, पण सकाळी सहाला फोन वाजल्यावर ‘मी येतो’ म्हणणारा दहावा माणूस सरकारी दर्जातून मिळत नाही. पुण्यात आजही जमात त्या फोनवर चालते.

सातारा-सांगलीकडच्या वाचकांना एक विनंती. औंधच्या दफ्तरात, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, साताऱ्यातल्या कॅम्पच्या काळातल्या बंगल्यांच्या कागदांत ज्यू कुटुंबांची पत्रे, फोटो, विवाहपत्रे किंवा हिब्रू अक्षरे कोरलेला एखादा दगड आढळला, तर तो रद्दीत किंवा पायरीत जाऊ देऊ नका. पुण्याच्या रास्ता पेठेतल्या सिनेगॉगला किंवा ठाण्याच्या जमातीला कळवा. त्या नावांसाठी कद्दिश म्हणायला दहा माणसे अजून आहेत.